पुढे ढकलणे आणि करून टाकणे : बारामती–इंदापूर परिसरातील फ्रेझल व्हर्ब्जच्या अध्यापनाचा एक विचार

प्रस्तावना

'पोस्टपोन' हा शब्द अचूक लिहिणारा विद्यार्थी 'पुट ऑफ' ऐकल्यावर अडखळतो, हा अनुभव ग्रामीण महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला नवा नाही. उत्तरपत्रिकेत तो 'एक्स्टिंग्विश' लिहितो, 'टॉलरेट' लिहितो, 'इन्व्हेस्टिगेट' लिहितो. परंतु 'पुट आउट', 'पुट अप विथ' आणि 'लुक इन्टू' यांच्यापुढे तो थांबतो. वास्तविक या दुसऱ्या गटातील प्रत्येक सुटा शब्द त्याने प्राथमिक शाळेतच शिकलेला असतो. अवघड शब्द येतात आणि सोपे शब्द एकत्र आले की येत नाहीत, ही विसंगती नेहमी विद्यार्थ्याच्या खात्यावर मांडली जाते. पाठांतर कमी पडले, वाचन नाही, घरी इंग्रजीचे वातावरण नाही, अशी कारणे दिली जातात. ती सर्वस्वी खोटी नाहीत. तथापि ज्या पद्धतीने हा घटक शिकविला जातो, ती पद्धत स्वतः कितपत निर्दोष आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात विचारला आहे.

हे दोन तालुके निवडण्यास कारण आहे. १८८५ साली पूर्ण झालेल्या नीरा डाव्या कालव्याने येथील काही भाग बागायती केला आणि काही भाग जिरायतच राहिला. इंदापूर तालुक्यात १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने याच तालुक्याचा नकाशा पुन्हा एकदा बदलला. बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, पुढे विद्या प्रतिष्ठानचा विस्तार झाला, इंदापुरातही महाविद्यालय आले, आणि औद्योगिक वसाहतीत पियाजिओसारख्या परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. परिणामी उसाच्या फडातून थेट मुलाखतीच्या खोलीत जाणारा विद्यार्थी येथे प्रत्येक वर्गात आहे. त्याच्या घरातील पदवी घेणारी ती पहिलीच पिढी असते. मुलाखतीत त्याला 'प्रोक्रॅस्टिनेशन'चा अर्थ कोणी विचारत नाही; 'गो अहेड', 'फिल इट इन', 'हाउ डिड यू गेट ऑन' असेच कानावर पडते. त्याचे इंग्रजी नेमके या ठिकाणी तोकडे पडते, आणि मग तो बुद्धीनेच तोकडा ठरविला जातो.

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेला विद्यार्थी २०१२ च्या सुमारास पदवीच्या प्रथम वर्षात आला. तोपर्यंत त्याने बारा वर्षे इंग्रजी शिकलेले होते. त्याआधीच्या पिढीने पाचवीपासून आठच वर्षे. चार वर्षे वाढूनही या एका घटकाची अडचण तशीच राहिली असेल, तर दोष काळाच्या लांबीत शोधण्यात अर्थ नाही.

यादीची परंपरा

ही अडचण केवळ मराठी विद्यार्थ्याची आहे असे मानणेही चुकीचे होय. १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युएल जॉन्सन यांनी क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ बदलण्याच्या या रीतीचा मुद्दाम उल्लेख केला आहे आणि परकीयांना इंग्रजीत सर्वाधिक त्रास येथेच होतो, असे नोंदविले आहे. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या पुस्तकात ती वापरली आणि तिचे श्रेय ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. संज्ञा मिळाली, पण पाठ्यपुस्तकांत मांडणी कोशाचीच राहिली. क्रियापद हे मुख्य नोंद आणि त्याखाली उपनोंदी: 'ब्रेक'खाली 'ब्रेक डाउन', 'ब्रेक इन', 'ब्रेक ऑफ', 'ब्रेक आउट', 'ब्रेक अप'. १९३० च्या दशकापासून भारतीय शाळांत प्रतिष्ठा पावलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातही वाक्प्रचारांची रचना अशीच क्रियापदांच्या वर्णानुक्रमाने आहे. मराठी माध्यमासाठी निघणाऱ्या मार्गदर्शकांनी तीच यादी उचलली, समोर एक मराठी शब्द लिहिला आणि अध्यापन पूर्ण झाले असे मानले. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतून फिरणाऱ्या पुस्तकांत ही यादी पाचशेवर जाते एवढाच फरक.

कोशासाठी ही रचना योग्य आहे, कारण कोश शोधण्यासाठी असतो. शिकण्यासाठी ती जवळजवळ सर्वांत वाईट रचना होय. 'ब्रेक' या एका नोंदीखाली एकमेकांशी अर्थाने काहीही संबंध नसलेली पाच-सहा रूपे ओळीने येतात. त्यांच्यात समान असते ते फक्त क्रियापद, आणि अर्थ बदलविणारा घटक जे अव्यय, तो प्रत्येक ओळीत वेगळा. याउलट 'यूज अप', 'ड्राय अप', 'ईट अप', 'बर्न अप' ही रूपे एका कुटुंबातील आहेत, पण यादीत ती वेगवेगळ्या पानांवर विखुरली जातात. विद्यार्थ्याला जे एकत्र दिसायला हवे ते वेगळे केले जाते आणि जे वेगळे आहे ते एकत्र बांधले जाते. अशा यादीत पाठांतराशिवाय दुसरा उपाय उरत नाही. मग पाठांतर टिकले नाही म्हणून विद्यार्थ्याला बोल लावला जातो.

येथे मराठी अध्यापनातील एका सवयीचाही वाटा आहे. शालान्त परीक्षेपर्यंत मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न असतो. फ्रेझल व्हर्बचे भाषांतरच मुळी 'वाक्प्रचार' असे केले गेल्यामुळे तो प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत आला. हातावर तुरी देणे यात तुरीचा आणि हाताचा अर्थ लावून उपयोग नाही. तो अखंड लक्षात ठेवावा लागतो. 'थ्रो अवे' किंवा 'सिट डाउन' यांना त्याच वर्गात बसविणे म्हणजे जे समजण्यासारखे आहे त्यालाही न समजण्याजोगे ठरविणे होय. परिभाषेच्या एका शब्दाने किती नुकसान होऊ शकते याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

यादी संख्येनेही फसविते. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या सुमारे दहा कोटी शब्दांच्या संग्रहाचा अभ्यास करून गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ साली दाखविले की, केवळ २० क्रियापदे आणि ८ अव्यये यांच्या जोडण्यांनी फ्रेझल व्हर्ब्जच्या एकूण प्रयोगांपैकी निम्म्याहून अधिक प्रयोग व्यापले जातात. मात्र सर्वांत प्रचलित अशा १०० रूपांना मिळून ५५९ अर्थ निघतात, असेही त्यांच्याच गणनेत दिसले. पुढे २०१५ मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी १५० रूपांची यादी करताना खरोखर वारंवार येणारेच अर्थ ठेवले, तेव्हा ते २८८ वर आले; म्हणजे सरासरी रूपामागे दोनही नाहीत. पाचशे रूपांना प्रत्येकी एक मराठी शब्द देणारी यादी एकाच वेळी अतिशय लांब आणि अतिशय अपुरी असते. यापेक्षा दीडशे रूपे दोन-दोन अर्थांनी आली तर बारामतीच्या विद्यार्थ्याचे काम भागेल.

मराठीची दोन घरे

आता मूळ मुद्दा. फ्रेझल व्हर्ब्ज ही इंग्रजीची खास लकब असून मराठीत त्याला समांतर काही नाही, अशी समजूत वर्गात गृहीत धरलेली असते. डागुट आणि लाउफर यांनी १९८५ मध्ये हिब्रूभाषक विद्यार्थ्यांविषयी असा निष्कर्ष काढला होता की, मातृभाषेत ही रचनाच नसल्यामुळे ते तिला टाळतात आणि एकशब्दी क्रियापद वापरतात. मराठी विद्यार्थीही टाळतो. पण त्याच्या मातृभाषेत ही रचना नाही, हे विधान तपासून पाहिल्यास टिकत नाही. मराठीत ती आहे. एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी आहे.

पहिले ठिकाण म्हणजे स्थलवाचक शब्द आणि क्रियापद यांची जोडी. सभा पुढे ढकलणे, आंदोलन मागे घेणे, जबाबदारी पार पाडणे, अभ्यासात मागे पडणे, एखाद्याला मागे टाकणे, माहिती पुढे येणे, काम हाती घेणे, संकटातून बाहेर पडणे. यांतील पुढे, मागे, पार, बाहेर हे शब्द प्रत्यक्ष जागा दाखवीत नाहीत. सभेला पुढून कोणी ढकलत नाही. स्थलाचा अर्थ काळावर, निर्णयावर, प्रगतीवर पसरविलेला आहे, आणि इंग्रजी 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ', 'कॅरी आउट', 'फॉल बिहाइंड', 'टेक अप' हेच करते. 'फॉल बिहाइंड' आणि 'मागे पडणे' यांत तर शब्दशः साम्य आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे संयुक्त क्रियापद. खाऊन टाक, देऊन टाक, फेकून दे, लिहून घे, पळून गेला, बोलून बसला. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या शास्त्रीय मराठी व्याकरणापासून शालेय पुस्तकांपर्यंत या रचनेची चर्चा चालत आलेली आहे. येथे टाकणे, देणे, घेणे, जाणे, बसणे यांनी आपला मूळ अर्थ जवळजवळ सोडला असून ती क्रियापदे मुख्य क्रियेला पूर्णत्व, दिशा, अनवधान, स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी असा रंग देतात. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाक. 'रन अवे' म्हणजे पळून जा. विहीर आटून गेली या वाक्याचे इंग्रजी विद्यार्थी 'द वेल ड्राइड' असे करतो आणि 'अप' विसरतो. परंतु मराठीत 'आटली' आणि 'आटून गेली' यांतील भेद त्याला अचूक कळतो. इंदापूरच्या जिरायत भागातील मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. 'गेली'ने जे काम केले तेच 'अप' करते, एवढे एक वाक्य शिक्षकाने उच्चारले तर 'अप' विसरण्याचे कारण उरत नाही.

इंग्रजी आणि मराठी यांत फरक आहे तो असा: दिशा दाखविण्याचे आणि क्रियेचे पूर्णत्व दाखविण्याचे अशी दोन कामे इंग्रजी एकाच शब्दावर लादते, तर मराठी ती दोन घरांत वाटून देते. 'गो अप द हिल' मधील 'अप' वर आहे. 'ईट अप' मधील 'अप' टाकण्यात आहे. विद्यार्थ्याची गफलत येथे होते. त्याला 'अप' म्हणजे 'वर' हा एकच अर्थ शिकविला जातो आणि 'ईट अप'मध्ये तो वर काहीतरी शोधू लागतो. ते सापडले नाही की ही रूपे निव्वळ लहरी आहेत असा त्याचा समज होतो. मराठी भाषांतर हे या घटकाचे उत्तर नसून मराठी व्याकरण हे आहे, आणि नेमके तेच वर्गाबाहेर ठेवले जाते.

'काढणे' या क्रियापदाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शोधून काढणे हे 'फाइंड आउट', लिहून काढणे हे 'राइट आउट', निवडून काढणे हे 'पिक आउट', पुसून काढणे हे 'वाइप आउट'च्या मूळ अर्थाजवळ. सोसायटीचे कर्ज काढणे हे 'टेक आउट अ लोन' आणि ते फेडून टाकणे 'पे ऑफ'. काढणे म्हणजे आतले बाहेर आणणे. 'आउट' म्हणजे बाहेर. या दोघांचा मेळ शेतकरी कुटुंबातील मुलाला एका तासात दाखविता येतो. 'लिहिणे' या एकाच क्रियापदाची लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक ही पाच रूपे जो मुलगा चुकत नाही, त्याला 'राइट डाउन' आणि 'राइट आउट' यांतील भेद समजण्याची कुवत नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. उलट स्वतःसाठी लिहिणे आणि दुसऱ्यासाठी लिहिणे हा भेद दाखविण्याची सोय इंग्रजी अव्ययांत नाही. तेथे मराठीच अधिक काटेकोर आहे.

कसोटीच्या बाबतीतही दोन्ही व्याकरणे एकाच वाटेने जातात. 'तो जेवून गेला' आणि 'त्याने जेवून घेतले' यांपैकी पहिल्यात दोन क्रिया आहेत, दुसऱ्यात एक. म्हणून दुसरे संयुक्त क्रियापद, हे विद्यार्थ्याने शाळेत शिकलेले असते. इंग्रजी व्याकरणात 'रॅन अप अ हिल' आणि 'रॅन अप अ बिल' ही जोडी याच कामासाठी वापरतात. पहिल्यात धावणे वेगळे आणि टेकडीवर जाण्याची दिशा वेगळी. दुसऱ्यात बिल फुगविणे ही एकच क्रिया. रचना मध्येच तुटण्याचेही नवल वाटू नये. 'पुट इट ऑफ' म्हणताना सर्वनाम मध्ये घालावे लागते आणि 'पुट ऑफ इट' चालत नाही, हा नियम अजब म्हणून सांगितला जातो. मराठी बोलणारा 'खाऊनच टाक', 'खाऊन नको टाकूस', 'पुढे नका ढकलू' असे म्हणताना जोडीच्या मध्ये शब्द घालतोच. नियम वेगळा आहे, प्रकार ओळखीचा आहे.

टाळण्याचे खरे कारण मग कोठे आहे? ते बरेचसे भाषेच्या प्रतिष्ठेत आहे. मराठीत 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे' यांत जे नाते आहे, तेच इंग्रजीत 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ' यांत आहे. एक लॅटिनकडून आलेला, दुसरा घरचा. मराठी विद्यार्थ्याला निबंधात तत्सम शब्द घालण्याची शिकवण लहानपणापासून मिळते. 'पुढे ढकलली' असे लिहिण्यापेक्षा 'स्थगित केली' लिहिल्यास भाषा चांगली समजतात. हीच दृष्टी तो इंग्रजीत नेतो. त्याचे टाळणे म्हणजे अज्ञानापेक्षा शिस्तीचा परिणाम अधिक आहे. ती शिस्त लिखित परीक्षेत त्याला गुणही मिळवून देते. फसगत होते ती तोंडी व्यवहारात, कारण इंग्रजांचे घरचे बोलणे या देशी जोड्यांवरच चालते. चार्ल्स ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' योजना मांडली तेव्हा त्यात क्रियापदे अवघी १८ ठेवली आणि उरलेले काम अशा जोड्यांवर सोपविले. शब्द ८५० मोजले गेले, पण 'पुट', 'अप' आणि 'विथ' यांपासून निघणारा तिसराच अर्थ मोजलाच गेला नाही. लहान शब्द सोपे असतात, हा भ्रम ऑग्डेनसारख्या विचारवंतालाही टळला नाही.

उपसर्गाचा जुना वाद

अव्ययाला स्वतःचा अर्थ आहे की नाही, हा प्रश्न भारतीय परंपरेला अपरिचित नाही. हृ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांहून दूरचे अर्थ उपसर्गाने निर्माण होतात, हे संस्कृतचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो. यास्काच्या निरुक्तात याविषयी दोन मते नोंदविली आहेत. शाकटायनाच्या मते धातूपासून सुटा काढलेला उपसर्ग निश्चित अर्थ सांगत नाही. गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे विविध अर्थ आहेत. वैदिक भाषेत उपसर्ग धातूच्या नंतरही येऊ शकत असे आणि मध्ये इतर शब्द घालून दूरही राहू शकत असे. पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्याची नोंद घेतली आहे. 'पुट द लॅम्प आउट' या रचनेचे इतके जवळचे साम्य भारतीय भाषांत अन्यत्र क्वचितच मिळेल.

यादीवाले मार्गदर्शक नकळत शाकटायनाच्या पक्षाचे आहेत: अर्थ अखंड जोडीत आहे, 'अप'ला वेगळे विचारू नका. सुझन लिंडनर यांनी १९८१ च्या प्रबंधात 'अप' आणि 'आउट' या दोन अव्ययांचाच अभ्यास करून त्यांच्या अर्थांचे जाळे दाखविले, आणि २००३ मध्ये ब्रिगिडा रुड्झ्का-ओस्टिन यांनी त्या दृष्टीने विद्यार्थ्यांसाठी पुस्तक रचले. त्यांना गार्ग्याच्या पक्षात बसवावे लागेल. अध्यापनाच्या दृष्टीने गार्ग्याचा पक्ष निःसंशय उपयुक्त आहे. परंतु तोही ताणू नये. 'फिल इन' आणि 'फिल आउट' ही विरुद्ध अव्यये घेऊनही अर्ज भरण्याचाच अर्थ देतात. 'बर्न अप' आणि 'बर्न डाउन' यांतील वर-खाली शोधत बसल्यास हाती फारसे लागत नाही. 'पुट अप विथ', 'टेक आफ्टर', 'गेट बाय' यांसारखी काही रूपे शेवटी पाठच करावी लागतात. अशी रूपे निवडून वेगळी काढली तर ती थोडी भरतात. पाचशेच्या ढिगात ती सर्वांना आपल्यासारखे करून टाकतात.

मराठीचा आधार घेताना एक धोकाही सांगितला पाहिजे. 'सभा पुढे ढकलली' म्हणजे ती उशिरा होणार. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे ती लवकर होणार. दोन्हींत 'पुढे' आहे आणि अर्थ नेमके उलटे आहेत. मराठीत त्याला 'अलीकडे घेतली' असे म्हणतात. नोकरीच्या ठिकाणी बैठकीची वेळ चुकविण्यास एवढा घोटाळा पुरेसा आहे, आणि कोणत्याही यादीत तो दाखविलेला नसतो, कारण यादीला मराठी व्याकरणाशी कर्तव्य नसते.

बोलीत आधीच आलेली रूपे

या अध्यापनाची सर्वांत आश्चर्यकारक उणीव ही की, विद्यार्थ्याच्या बोलण्यात आधीच वावरणाऱ्या रूपांकडे ते पाहत नाही. कारखान्यात 'ब्रेकडाउन' होतो, 'शटडाउन' घेतला जातो. दूध आणि भाजी 'पिकअप'मधून जाते. प्रवेशाचा 'कटऑफ' लागतो, बँकेचा 'फॉलोअप' करावा लागतो, मोबाइलचा 'बॅकअप' घेतला जातो, विरोधक सभागृहातून 'वॉकआउट' करतात. क्रिकेटने 'रनआउट' आणि 'फॉलोऑन' फार पूर्वीच खेड्यात नेले. ही सर्व फ्रेझल व्हर्ब्जपासून बनलेली नामे आहेत आणि ती मराठीने पूर्ण पचविली आहेत. 'ब्रेकडाउन' म्हणजे बंद पडणे. येथे तर 'डाउन' आणि 'पडणे' शेजारी उभे आहेत. ओळखीच्या नामावरून अनोळखी क्रियापदाकडे जाणे हा सरळ मार्ग असताना 'अ'पासून सुरू होणारी यादी का हाती घ्यावी, हे समजणे कठीण आहे.

भाषांतराने येथे काय गमावले जाते तेही पाहावे. मालकाने कामगारांना बाहेर ठेवून कारखाना बंद केला तर तो 'लॉकआउट', आणि मराठीत त्याला टाळेबंदी म्हणत. २०२० साली लोकांना घरात ठेवणारा 'लॉकडाउन' आला, त्यालाही मराठीत टाळेबंदीच म्हटले गेले. एकात माणूस बाहेर, दुसऱ्यात आत. 'आउट' आणि 'डाउन' यांतील भेद मराठी शब्दाने गिळून टाकला, कारण दोन्ही वेळी लक्ष टाळ्याकडे राहिले, अव्ययाकडे गेले नाही. यादीतील 'समोरचा मराठी शब्द' हेच दररोज करीत असतो. यंत्रावर दुरुस्ती चालू असताना 'लॉक आउट' आणि 'टर्न ऑन' यांच्या सूचना इंग्रजीत टांगलेल्या असतात, हे ध्यानात घेतले तर प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही.

विद्यार्थ्यांच्या चुकांकडेही या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. 'क्लोज द फॅन' ही चूक सर्वत्र हसण्यावारी नेली जाते. मराठीत दार, पंखा, नळ, मोटर, दुकान सर्व 'बंद' होते. इंग्रजीत दार 'क्लोज' आणि मोटर 'टर्न ऑफ'. 'कोप अप विथ' ही चूक तर अधिक बोलकी आहे. 'कॅच अप विथ', 'कीप अप विथ' ऐकलेल्या विद्यार्थ्याने नियम ताडला आणि तो एका पायरीने पुढे नेला. 'फिल अप द फॉर्म' मध्ये 'भरून टाक'मधील पूर्णत्व 'अप'ने आणले आहे. ज्याला 'अप'चे काम कळलेले नाही त्याच्या हातून ही चूक होणार नाही. लाल शाईने ती खोडताना शिक्षक विद्यार्थ्याने स्वतः मिळविलेले ज्ञानही खोडतो. 'पासआउट' या शब्दाविषयी मात्र शिक्षकांनीच सावध राहायला हवे. 'मी या महाविद्यालयाचा पासआउट' असे अभिमानाने सांगणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये 'पास आउट'चा पहिला अर्थ बेशुद्ध पडणे हा घेतला जातो, हे सांगितलेले बरे.

प्रश्नपत्रिकेचा प्रश्न

अध्यापन बदलावे असे म्हणणे सोपे असते. ते बदलते परीक्षेमुळे. जोपर्यंत 'पुढील फ्रेझल व्हर्ब्जचा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न आहे, तोपर्यंत यादीच खपणार. या प्रश्नाला उत्तर म्हणून मार्गदर्शकातील वाक्यच उतरविले जाते. त्यातून आकलन कळत नाही, स्मरण कळते. स्पर्धा परीक्षांतील चार पर्यायांचा प्रश्न याहून वेगळा नाही. त्याऐवजी कालव्याच्या आवर्तनाविषयी आठ-दहा ओळींचा मराठी उतारा देता येईल: पाणी सोडले, दुसऱ्या दिवशी वीज गेली, मोटर जळाली, पाळी पुढे ढकलली, विहीर आटून गेली, शेवटी कर्ज काढून नवी मोटर बसविली. विद्यार्थ्याने तो इंग्रजीत लिहावा आणि प्रत्येक ठिकाणी क्रियापदासोबत कोणते अव्यय आले व मराठीतील कोणत्या शब्दाचे काम त्याने केले, ते खाली रेघ मारून दाखवावे. 'मोटर बसविली' येथे 'पुट इन' येते, 'मोटर जळाली' येथे 'बर्न आउट', आणि 'वीज गेली' येथे 'गो ऑफ'. शेवटच्या दोहोंत मराठीने एकच साधे क्रियापद वापरले आहे आणि इंग्रजीला अव्यय लागते. तेव्हा रेघ मारण्यासाठी मराठीत शब्दच सापडणार नाही. ते रिकामे ठिकाण विद्यार्थ्याने ओळखले की नाही, यावर त्या प्रश्नाचे अर्धे गुण ठेवावेत.